उड्या मारणारी कोंबडी

जगात कुठेही बेडूक खायला घालायचा असेल तर आधी त्याचं नाव बदलावं लागतं, असं दिसतंय. गोव्यात तो 'जंपिंग चिकन' असतो. मेनूकार्डावर छापलेला नसतोच. जून-जुलैत गेलात आणि वेटर ओळखीचा असेल, तर तो जरा वाकून, आवाज खाली आणून विचारतो, "ते पाहिजे का?" त्या 'ते'वरून काय ते समजायचं. चिनी माणसं त्याला 'शेतातली कोंबडी' म्हणतात आणि तिकडे तो राजरोस बोर्डावर झळकतो. फ्रेंच लोक तेवढे सरळ. बेडकाचे पाय म्हणजे बेडकाचे पाय. त्याची शिक्षा म्हणून इंग्रजांनी अख्ख्या फ्रेंच जमातीलाच 'फ्रॉग' हे नाव चिकटवलं.

मराठीत असं लाडकं टोपणनाव नाही. आपल्याकडे बेडूक विहिरीत असतो, गोष्टीत फुगून बैल व्हायला निघालेला असतो, नाहीतर पाऊस लांबला की धोंडी काढताना मुसळाला बांधून गावभर फिरवलेला असतो. ऋग्वेदात तर त्याच्यावर अख्खं सूक्त आहे, सातव्या मंडळात, आणि पहिल्या पावसानंतर ओरडणाऱ्या बेडकांची तुलना तिथे चक्क मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांशी केली आहे. म्हणजे ताट सोडून आपण त्याला सगळीकडे बसवलं.

आमच्या घरात बेडूक आला तो ताईच्या बारावीत. बायोलॉजीचं प्रॅक्टिकल. ती घरी आली की बाथरूममध्ये अर्धा तास हात धूत बसायची आणि तरी जेवताना तिच्या बोटांना क्लोरोफॉर्मचा वास येतोय असं मला वाटायचं. मेणाचा ट्रे, चार टाचण्या, पोटावर एक सरळ चीर. तिच्या जर्नलमध्ये त्याच्या पायाच्या हाडांची पेन्सिलने काढलेली सुंदर आकृती होती आणि बाजूला नाव, 'टिबिओ-फिब्युला'. आपल्या पोटरीत दोन हाडं असतात, बेडकाची ती दोन एकमेकांना जुळून एकच झालेली असतात, उडी मारून खाली आपटताना मोडू नयेत म्हणून. हा शब्द मला पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला. ताईच्या पिढीनंतर हे प्रॅक्टिकल हळूहळू बंद झालं. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने कॉलेजांनाही प्राणी कापणं थांबवायला सांगितलं. आता बेडूक कम्प्युटरवर कापतात. वास येत नाही.

बेडकाच्या पायांचे आपल्यावर उपकारही आहेत, ते आधी सांगून टाकते. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी नावाचे एक डॉक्टर-प्राध्यापक होते. सोललेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगवेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की मेलेला पाय झटका देतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना वाटलं, वीज प्राण्याच्या अंगातच आहे. १७९१ मध्ये त्यांनी ते छापलं. व्होल्टा नावाचे दुसरे एक इटालियन म्हणाले, छे, वीज त्या दोन धातूंमुळे येते, बेडूक नुसता निरोप्या. ते सिद्ध करायला त्यांनी बेडूक वगळून, धातूच्या चकत्या एकावर एक रचून १८०० साली जगातली पहिली बॅटरी केली. तुमच्या खिशातला मोबाईल जिच्यावर चालतो, तिची पणजी बेडकाच्या तंगडीवरून झालेल्या भांडणात जन्मली आहे. पुढच्या वेळी चार्जिंग संपलं की आठवण काढा बिचाऱ्याची.

मी बेडूक पहिल्यांदा खाल्ला तो सिंगापुरात. २०१८ मध्ये कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. पहिले दोन आठवडे लिटल इंडियात डोसे खाऊन काढले. तिसऱ्या आठवड्यात टीममधल्या दोघीजणी रात्री साडेदहाला मला गेलांगला घेऊन गेल्या. गेलांग म्हणजे तिथला जरा बदनाम इलाखा, पण खाण्यासाठी सगळं शहर तिथेच येतं. लोरोंग म्हणजे गल्ली. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आम्ही नऊ नंबरच्या तोंडाशी फुटपाथवर प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलो. ऑर्डर देताना पोर्शन वगैरे भानगड नाही, बेडूक मोजून सांगायचे. दोन घेतले की एक फुकट, अशी स्कीम. मला आपला मॉलमधला सेल आठवला.

एका मातीच्या भांड्यात बेडूक आले, दुसऱ्यात पांढरी, रटरटणारी, मिठाचा कणही न घातलेली पातळ गोष्ट. माझ्या मैत्रिणी तिला पॉरिज म्हणत होत्या. मी एक चमचा तोंडात घातला आणि हसायलाच लागले. अहो, पेज! आमच्या आजीची तांदळाची पेज, जी आम्हाला ताप आल्यावर लोणच्याच्या फोडीबरोबर मिळायची. साडेतीन-चार हजार किलोमीटर उडून येऊन मी कोकणातली पेज खात होते, फक्त लोणच्याच्या जागी बेडूक.

आणि काय बेडूक होता! सुक्या लाल मिरच्या अख्ख्या टाकलेल्या, आलं, पातीचा कांदा, काळा दाट सोया सॉस, थोडी साखर. भांडं इतकं तापलेलं की टेबलावर आल्यावरही कडेने रस उकळत होता. मांस पांढरं, पापलेटसारखं मऊ, पण सुटताना चिकनसारखे धागे सुटतात. कोंबडीचा तो जडपणा नाही आणि मासळीचा वासही नाही. स्वतःची चव अगदी थोडी, त्यामुळे जो मसाला द्याल तो मुकाट घेतो. चव कशी, असं विचारलं की सगळे 'चिकनसारखी' म्हणतात. मला ते पटत नाही. ब्रॉयलर कोंबडी खाऊन आपली जीभ इतकी आळशी झाली आहे की काहीही नवीन तोंडात आलं की ती तेवढंच म्हणते. हाडं मात्र बारीक, जपून खावं लागतं. मी एक हाड साफ चोखून टिश्यूवर ठेवलं, फोटो काढला आणि ताईला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'टिबिओ-फिब्युला!!!' आणि त्याखाली, 'आईला सांगू का?'

पुढच्या रविवारी मी चायनाटाऊनच्या ओल्या बाजारात बेडूक बघायला गेले. खाल्लेली गोष्ट एकदा जिवंत बघावी, असं माझं आपलं मत आहे. कोळणीसमोर उभं राहून हलवा निवडणाऱ्या आईची मी मुलगी. जाळीच्या पिंजऱ्यांत हिरवट-तपकिरी बेडूक एकमेकांवर बसले होते, चांगले हाताच्या पंजाएवढे. गिऱ्हाईकाने बोट दाखवलं की बाई एक उचलायची. पुढचं एका मिनिटात व्हायचं. कातडी अंगातला टी-शर्ट काढावा तशी एका झटक्यात निघते. सोललेल्या ताज्या पायांवर मीठ पडलं की ते हलतात, हे वाचलं होतं, तिथे बघितलं. भूतबीत काही नाही. बेडूक मेला तरी स्नायूंच्या पेशींत थोडी शक्ती शिल्लक असते आणि मिठातला सोडियम त्यांना खोटा निरोप देतो की चला, आखडा. गॅल्व्हानींचाच प्रयोग, वीज सोडून मिठाने केलेला. शेजारी उभा असलेला एक युरोपियन मुलगा पांढरा पडला. मला तसं काही झालं नाही, पण त्या दिवशी जेवायला मी डोसा खाल्ला हेही खरं.

हे सगळे बेडूक फार्ममधले. जात अमेरिकन बुलफ्रॉग. काही तिथलेच, बरेचसे शेजारच्या मलेशियातून येणारे. कोंबडीसारखे खुराड्यात वाढवायचे, खाद्य घालायचं, वजन झालं की बाजारात. कायद्याची अडचण नाही आणि कुणाच्या शेतातून चोरलेले नाहीत. मी सहा महिन्यांत पाच-सहा वेळा गेलांगला गेले आणि दर वेळी मजेत जेवले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात हाच मुद्दा माझ्या तोंडावर फेकला गेला.

ऑफिसमधला माझा एक मित्र गोव्याचा आहे, बार्देशातला. पुण्यात आठ वर्षं राहूनही पाऊस सुरू झाला की त्याला गाव चावतं. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही चौघं एका विकेंडला त्याच्या घरी गेलो. जाताना चोर्ल्याच्या घाटातच पाऊस लागला. बीचवर जायचं नव्हतं. पावसाळ्यातला गोवा म्हणजे भातखाचरं, लाल पाणी आणि घरात बसून खाणं, हे ज्याला माहीत आहे तो बीचच्या वाटेला जात नाही. गाडीत मी गेलांगच्या गप्पा रंगवून रंगवून सांगितल्या होत्या. मित्र म्हणाला, "ते फार्मचं खाऊन काय फुशारक्या मारतेस गो. उद्या रात्री तुला खरं जंपिंग चिकन खिलवतो."

मला वाटलं, थट्टा करतोय.

तो ज्याच्याबद्दल बोलत होता तो आपला इंडियन बुलफ्रॉग. हाच ताईच्या ट्रेमधला. भारतातल्या सगळ्यात मोठ्या बेडकांपैकी एक, वितीच्या जवळ जाणारा. उन्हाळाभर तो जमिनीखाली गप्प पडून असतो. पहिला दणदणीत पाऊस झाला की एका रात्रीत सगळे वर येतात, कारण वर्षातलं त्यांचं लग्न त्याच दिवसांत असतं. नर अक्षरशः हळदीचे होतात, झगझगीत पिवळे, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्याभोर पिशव्या फुगतात. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांना फोटोशॉप केल्यासारखं वाटतं. त्यांचं ओरडणं हे माद्यांसाठी आमंत्रण असतं. नेमकं तेच आमंत्रण टॉर्च आणि गोणी घेतलेल्या माणसालाही पोचतं.

पद्धत सोपी आहे आणि त्यातच सगळं आलं. पूर्वी पेट्रोमॅक्स असायचा, आता डोक्याला बांधायचा एलईडी. डोळ्यांवर प्रकाश पडला की बेडूक जागच्या जागी थिजतो, उडी मारायची विसरतो. वाकायचं, धरायचं, गोणीत टाकायचं. बंदूक नको, जाळं नको. एरवी पकडायला महाकठीण असलेला प्राणी त्या चार-पाच रात्री स्वतःहून हाका मारत असतो. पकडलेल्या प्रत्येक मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, कारण ती अंडी घालायलाच बाहेर आलेली असते. मासे अंड्यावर असताना होड्या किनाऱ्याला ओढून मासेमारी बंद ठेवायची, हा नियम सगळ्या किनारपट्टीला पाठ आहे. बेडकाच्या बाबतीत बरोबर उलटं चालतं. त्याचा सीझनच मुळी त्याच्या विणीचा.

गंमत म्हणजे त्याच दिवसांत, तसेच टॉर्च घेऊन, पुण्या-मुंबईची मंडळी आंबोलीला जातात. रेनकोट, गमबूट, मॅक्रो लेन्स. आंबोलीच्या कातळावर एक छोटासा वाघासारख्या पट्ट्यांचा भेक सापडतो, ज्याला शास्त्रात नाव मिळालं ते २००९ साली. मीही एकदा त्या वारीला जाऊन आले आहे. चिखलात पोटावर झोपून अंगठ्याएवढ्या बेडकाचे दोनशे फोटो काढणारे लोक मी बघितले आहेत. आंबोलीपासून बार्देश काही तासांवर. टॉर्च तोच, पाऊस तोच, पुढचं वेगळं.

शनिवारी रात्री आठच्या सुमाराला शेजारचा एक मुलगा अंगणात आला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. ओलाचिंब, हातात साखरेची गोणी, आणि गोणी हलत होती. मित्राने त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. मुलाचा हिशोब सरळ होता. एरवी तो ते सगळे एका बारला देतो. आज यातले आम्हाला, उरलेले बारला.

मी म्हटलं, मी खाणार नाही. माझ्यासाठी करू नका.

"का? सिंगापुरात ढेकर देऊन खाल्लेस ना? इथले काय कमी पडतात?"

प्रश्न बरोबर होता आणि चौघांसमोर विचारला होता. बाकीचे दोघं मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. मी म्हटलं, ते फार्मचे होते, हे जंगली आहेत, आणि इथे त्याला कायद्याने बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा बेडूक मारणं, विकणं, वाढणं, सगळंच गुन्हा आहे. त्यात दंडही आहे आणि तुरुंगही. दर पावसाळ्यात गोव्याचं वनखातं गस्त घालतं, लोकांना आवाहनं करतं.

"कायदा!" तो म्हणाला. "रॉंग साइडने गाडी घालताना आठवतो का तुला कायदा? खा गो, कांय जायना. पुणेकरांनी येऊन आम्हाला काय खायचं ते शिकवायचं आता?"

हे शेवटचं लागलं. कारण त्यात तथ्य आहे. बाहेरून दोन दिवसांसाठी येणारे, गोव्याच्या जमिनी घेणारे, पार्किंगवरून भांडणारे लोक तेच, आणि वर पुन्हा स्थानिकांच्या ताटाकडे बोट दाखवायचं. त्याच्या लहानपणी पावसाळ्यात मासळी बंद असायची, कोंबडी रविवारची, तेव्हा बेडूक हे फुकटचं, ताजं, चांगलं मांस होतं. आजही सिक्कीममध्ये ओढ्यातले मोठे बेडूक औषधी म्हणून खातात, नागालँडच्या बाजारात बेडूक असतात. पोटासाठी चार बेडूक नेणारा माणूस आणि टुरिस्टच्या दारूबरोबर चाखणा म्हणून विकणारा बार, यांना एका मापाने मोजायला मी तयार नाही. पण आमच्या अंगणातली गोणी पहिल्या प्रकारची नव्हती. तिथे कुणीच उपाशी नव्हतं. आम्ही चार पगारदार माणसं दुपारची सुरमई जिरवत बसलो होतो.

आणि मोठ्या प्रमाणावर धंदा झाला की काय होतं हे आपण एकदा करून बघितलेलं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारत वर्षाला चार हजार टनांच्या आसपास बेडकांचे पाय परदेशी पाठवत होता. अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम. नुसते पाय हं. एका बेडकाचे दोन पाय पन्नास-साठ ग्रॅम धरले तर वर्षाला सात-आठ कोटी बेडूक. बरेचसे जिवंतपणीच पाय कापून टाकलेले. शेतातले किडे खाणारे गडी असे विमानाने आणि जहाजाने गेले आणि किडे मारायला औषधं आणायची वेळ आली, हा त्या वेळचा मुख्य आक्षेप होता. शेवटी १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. मग धंदा बांगलादेशात सरकला, तिथून इंडोनेशियात. फ्रान्सने तर त्याच्याही आधी, १९८० मध्ये, आपल्या देशात धंद्यासाठी बेडूक पकडायला बंदी केली. स्वतःचे वाचवले आणि खाणं चालूच ठेवलं. लसूण-लोणी-पार्सली घालून परतलेले, कॅन्डललाइट डिनरमधले ते पाय बहुतेक इंडोनेशियाच्या शेतांतून गोठवून आलेले असतात. पॅरिसला हनीमूनला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

हे सगळं मी त्या रात्री बोलले असते तर माझाच बेडूक झाला असता. त्यात माझी बाजूही अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. फार्मचे अमेरिकन बुलफ्रॉग जगभर नेले गेले आणि त्यांच्याबरोबर बेडकांना मारणारी एक बुरशीही पसरली, हे मला माहीत होतं. आपला बुलफ्रॉगही सगळीकडे बिचारा नाही. अंदमानात कुणीतरी नेऊन सोडला आणि तिथे त्याने उच्छाद मांडला आहे. त्याचे टॅडपोल तिथल्या स्थानिक बेडकांचे टॅडपोल फस्त करतात. अंदमानात कुणी त्याची शागुती केली तर मी मनातून फारशी हळहळणार नाही. पण बार्देशात तो स्वतःच्या घरी आहे.

आमचा आवाज चढला तसे मित्राचे वडील बाहेर आले. काका सत्तरीचे, घरची थोडी भातशेती अजून स्वतः करतात, मराठी पेपर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. गोणीकडे बघितलं आणि मुलाला कोकणीत विचारलं, कुणाच्या शेतातले? तो गप्प. मग कळलं, काकांच्याच बांधावरचे. तिथेच सगळ्यात जास्त मिळतात.

काका तरुणपणी स्वतः बेडकांना जायचे, पेट्रोमॅक्स घेऊन, हे मित्राने गाडीतच कौतुकाने सांगितलं होतं. ते काही नाकारत नव्हते. त्यांचं म्हणणं भावनेचं नव्हतं, खेकड्यांचं होतं. भातातले खेकडे बांधाला भोकं पाडतात, पाणी वाहून जातं, कोवळी रोपं कापतात. मोठा बेडूक ते छोटे खेकडे खातो, किडे खातो, उंदराचं पिल्लू मिळालं तर तेही सोडत नाही. "मी बांधाला दर वर्षी माणूस लावतो, त्याला पैसे देतो," ते आमच्यासाठी मराठीत म्हणाले. "हे फुकट काम करणारे आहेत. ते पण विकतोस?" आणि मुलाला, "वच, शेतांत सोड."

मुलगा हलला नाही. त्याचं त्या रात्रीचं उत्पन्न त्या गोणीत होतं आणि दोन तास तो पावसात भिजला होता. त्याचा चेहरा बघून मला माझं बरोबर असणं फार आवडलं नाही. काकांनी आवाज न चढवता एवढंच सांगितलं की उद्यापासून नांगरणीला आणि लावणीला तो त्यांच्याकडे येणार आहे की नाही, ते त्याने ठरवावं. मग तो गेला. मी आणि मित्र छत्री घेऊन मागे गेलो. तोपर्यंत आमच्यात बोलणं बंद झालेलं होतं.

बांधावर त्याने गोणी उलटी केली. अकरा बेडूक होते. नऊ जण काही क्षण तसेच बसले, मग एकेक करून पाण्यात गेले. दोन गेले नाहीत. खाली दबून मेले होते. एक पिवळा होता, एक मादी असावी, पोट चांगलं भरलेलं. मुलाने ते दोन्ही उचलून मित्राकडे केले, जणू विचारत होता की हे तरी? मित्राने मान हलवली. मुलाने ते खाचरात लांब भिरकावले आणि काही न बोलता निघून गेला. आजूबाजूच्या शेतांत अजून चार-पाच टॉर्च फिरत होते. ते काकांच्या हातातले नव्हते.

घरी काकूंनी चिकनची शागुती केली होती, मूळच्या बेतातलीच, कारण चौघांना बेडूक पुरणार नाहीत हे त्या आधीच जाणून होत्या. भाजलेलं खोबरं, खसखस, जायफळाचा वास घरभर. कुणी फारसं बोललं नाही. काकांनी मात्र जेवताना सहज सांगितलं की पूर्वी या दिवसांत बाहेरच्या आवाजाने रेडिओ ऐकू यायचा नाही, मोठ्याने बोलावं लागायचं. आता टीव्हीचा आवाज एवढासा ठेवला तरी चालतो.

रविवारी परत येताना घाटात मित्राने तोंड उघडलं. तो काही बदलला नव्हता. त्याच्या मते वडिलांचं म्हणणं शेताच्या हिशोबाने ठीक, पण माझं म्हणणं म्हणजे सिंगापूर रिटर्न शहाणपणा. मी म्हटलं, चालेल. बेळगावला चहा त्याने पाजला. पुढच्या पावसाळ्यात त्याने स्वतःहून एक गोष्ट केली. त्या मुलाला गावच्या होमस्टेवाल्याशी जोडून दिलं, रात्री पाहुण्यांना बेडूक दाखवायला न्यायचं म्हणून. दोन रात्री पाहुणे आले, तिसऱ्या रात्री कुणी आलं नाही, आणि तो मुलगा बारला बेडूक देणं पूर्ण सोडलंय असं छातीवर हात ठेवून सांगत नाही. मीही खोदून विचारत नाही.

अलीकडेच मित्राचं सिंगापूरचं पोस्टिंग आलं. मला वाटलं, व्हिसाचं, भाड्याचं काहीतरी विचारायला फोन केलाय.

"ती गेलांगची गल्ली कितवी गो?"

नऊ नंबर, म्हणून सांगितलं. रात्री दहानंतर जा, सुक्या मिरच्यांचा घे, आणि पेज वेगळी मागव. दोनावर एक फुकटची स्कीम अजून चालू आहे का, ते तूच मला कळव.